जीपचा लाल दिवा

घाटातला रस्ता अजून लाल मातीचा होता, तेव्हाची गोष्ट. धाकू झोऱ्याच्या म्हाताऱ्या जीपचं इंजिन फार तेल पिऊ लागलं होतं. मागून निळा धूर निघे. मालकाला हे कळलं तर आपली रवानगी भंगारात होईल, या धास्तीनं जीपनं वंगणाचं तेल संपल्याची खूण देणाऱ्या लाल दिव्याला बजावलं होतं, “खबरदार पेटलास तर!”

एके दुपारी शेजारच्या तानूबाईला विषारी फुरसं चावलं. धाकूनं तिला जीपमध्ये निजवलं आणि दवाखान्याकडे निघाला. अर्ध्या चढावर इंजिन कोरडं पडू लागलं. दिवा कळवळून म्हणाला, “आता तरी पेटू दे गं! तू इथंच बंद पडलीस तर या बाईनं काय करावं?”

मागच्या सीटवर तानूबाई कण्हत होती. जीप म्हणाली, “पेट बाबा. माझं काय व्हायचं ते होवो.”

दिवा पेटताच धाकूनं गाडी थांबवली. सीटखालून तेलाचा डबा काढून तो ओतू लागला. “बरं सांगितलंस, बाय,” तो म्हणाला. “तुझा धूर मला रोज दिसतो, म्हणून तर डबा बरोबर ठेवतो. पण चढावर तेल कधी सरेल, ते तूच सांगायला हवं.”

तानूबाई वाचली. धाकूनं मिस्त्रीकडून इंजिनही दुरुस्त करून घेतलं.

बरी झाल्यावर तानूबाई जीपला हळदकुंकू लावायला आली. जीप म्हणाली, “आधी त्या दिव्याला लाव. मी त्याचं तोंड दाबून ठेवलं होतं, तरी त्यानं माझी साथ सोडली नाही.”