दवंडीत नाव कोणाचं?

एक गाव होतं. त्या गावात घड्याळ नव्हतं, वर्तमानपत्र येत नव्हतं, पण एक दवंडीवाला होता, त्यामुळे कोणाचं काही अडत नव्हतं. कोणाची म्हैस चुकली, बाजार कोणत्या दिवशी भरणार, पाटलांकडे बारसं कधी, हे सगळं गावाला त्याच्याच तोंडून कळे. त्याचा आवाज असा, की त्याने वरच्या आळीत खाकरलं तर खालच्या आळीत लोक हातातलं काम थांबवून कान देत.

बापाने हलगी त्याच्या हातात देताना एकच गोष्ट सांगितली होती. "दवंडीत कोण, कुठं आणि कधी, ही तिन्ही पाहिजेत. एक जरी गाळलंस तर ती दवंडी नव्हे, नुसती बोंब."

तो एकदाच चुकला होता. "बैल हरवलाय हो, दिसेल त्याने चावडीवर आणून बांधावा," एवढंच ओरडला. कोणाचा, कसल्या रंगाचा, ते राहिलं. संध्याकाळपर्यंत चावडीवर अकरा बैल बांधले गेले आणि हरवलेला त्यांत नव्हता. तेव्हापासून तिन्ही गोष्टी बोटांवर मोजल्याशिवाय तो हलगीला हात लावत नसे.

गावाची आणखी एक रीत होती. दवंडी झाली की प्रत्येक घरातल्या माणसांनी उंबऱ्यावर यायचं आणि "ऐकलं" म्हणायचं. तसं म्हटल्याशिवाय दवंडीवाला पुढच्या दाराला जात नसे.

त्याच्या घरी तो आणि त्याची म्हातारी आई, दोघंच. आईला दमा होता. थंडीचे चार महिने तिची छाती भात्यासारखी वाजे. जीभ मात्र बाराही महिने ठणठणीत.

एका वर्षी बाजाराच्या दिवशी परगावचा एक कासार आला. बायकांच्या हातात बांगड्या भरता भरता तो शिंकला, नाक पुसलं, पुन्हा बांगड्या भरल्या आणि निघून गेला. चौथ्या दिवशी ज्या ज्या घरात नव्या बांगड्या वाजत होत्या, त्या त्या घरात माणसं दोन-दोन घोंगड्यांखाली कुडकुडत होती. गावाने तापाला नाव ठेवलं 'हुडहुड्या'. धडधाकट माणूस आठ-दहा दिवस कण्हून उठून बसे. ज्याची छाती आधीच कमजोर, त्याचं काही सांगता येत नसे. खालच्या आळीतला एक म्हातारा सहाव्या दिवशी गेला. त्यालाही दमा होता. त्या दिवशी दवंडीवाल्याला जेवण गेलं नाही.

पाटलांनी सभा बोलावली. दवंडीवाल्याने बोटं मोजली आणि हलगी वाजवली.

"ऐका हो ऐका. माणूस माणसाजवळ आला की हुडहुड्या पसरतोय. त्यावर काय करायचं ते ठरवायला आज दिवेलागणीला सगळ्या गावाने चावडीवर एकत्र जमावं हो."

कोण, कुठं, कधी, तिन्ही होतं. घरोघरचे लोक बाहेर आले, "ऐकलं" म्हणाले, आणि काही जण शिंकले.

सभेत दोन शहाणे होते. एक तालमीचे वस्ताद आणि दुसरे कोठारवाले अण्णा.

वस्ताद मिशीवर हात फिरवत म्हणाले, "तापाला घाबरायचं काय त्यात? गोवर एकदा होऊन गेला की पुन्हा होतो का? मग होऊन जाऊ दे सगळ्यांना एकदाच. निम्म्याहून जास्त गाव होऊन उठलं की या तापाला बसायला घर उरणार नाही. दारं सताड उघडी ठेवा."

अण्णा म्हणाले, "ताप काही भिंत फोडून येत नाही, माणसाच्या पायाने येतो. दारं लावून घ्या. अडीच महिने कोणी उंबरा ओलांडू नका. ताप गल्लोगल्ली फिरेल, कोणी भेटलं नाही की पुढच्या गावाला जाईल."

"अडीच महिने खायचं काय, अण्णा?" मागून कोणी विचारलं.

"ज्याने त्याने आपापल्या कोठारातलं खावं."

"कोठार तुमचं एकट्याचंच आहे."

"तो मुद्दा वेगळा," अण्णा म्हणाले.

पाटील मनाने चांगले होते, पण त्यांना एक खोड होती. जो शेवटी बोले, त्याचं त्यांना पटे. भांडता भांडता त्या दिवशी शेवटी वस्ताद बोलले, म्हणून सकाळी दवंडी झाली की सगळ्यांनी मोकळं फिरावं. दुसऱ्या संध्याकाळी अण्णा शेवटी बोलले, म्हणून सकाळी दवंडी झाली की कोणी बाहेर पडू नये.

"अरे दवंड्या," पहिल्याच दारातली म्हातारी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाहेर पडू नका, हे ऐकायला आम्ही बाहेर यायचं होय?"

"रीत आहे, मावशी. 'ऐकलं' म्हणा, मी पुढे जातो."

"ऐकलं. आणि काल 'बाहेर पडा' ऐकलं होतं, त्याचं काय करू?"

दवंडीवाला पुढच्या दाराला गेला. सगळं गाव फिरून, प्रत्येक दारात उभं राहून तो घरी गेला, तेव्हा आई चुलीशी बसून खोकत होती. तो दारातच थबकला. आपल्या अंगाला चिकटून आज किती घरांचा ताप आला असेल, हा विचार त्याच्या मनात पहिल्यांदा आला. त्या दिवसापासून तो अंगणात जेवू लागला आणि अंगणातच झोपू लागला. आईला वाटलं, तो रागावलाय.

इकडे अण्णांनी आपला नियम स्वतःपुरता तंतोतंत पाळला. त्यांनी दार लावलं तेव्हा घरात एका दिवसाच्या मुक्कामाला आलेला मेहुणा होता. तोही आतच राहिला. मेहुण्याला एकच गोष्ट सांगता येत होती, त्याच्या बैलजोडीने जिंकलेल्या शर्यतीची, आणि ती तो जेवणाच्या आधी, जेवताना आणि जेवण झाल्यावर सांगे. वस्तादांनीही आपला नियम पाळला. ते छाती काढून गावभर फिरले आणि चौथ्या दिवशी आडवे झाले.

बारा दिवसांनी पुन्हा सभा भरली. वस्ताद घोंगडी पांघरून आले. त्यांचे दंड उतरले होते आणि मिशाही खाली आल्या होत्या.

"दारं लावा," ते बारीक आवाजात म्हणाले. "सगळ्यांनी आत बसा. हा साधा ताप नव्हे. आठ दिवस तो माझ्या छातीवर बसून होता."

अण्णा ताडकन उठले. "काही नको. उघडा सगळं. तापाने माणूस मरेल तेव्हा मरेल, मी मेहुण्याने आज मरतोय. ज्याला व्हायचा त्याला होऊ द्या एकदाचा."

बारा दिवसांपूर्वी ते जितक्या तावातावाने भांडले होते, तितक्याच तावातावाने आज उलट्या बाजूंनी भांडले. मेहुणा तेवढा मोकळ्या हवेत बसून शेजाऱ्याला शर्यत सांगत होता.

शेवटी अण्णा म्हणाले, "पाच-दहा पिकली पानं गळतील, पण झाड तरेल." आणि खाली बसले.

अण्णाच शेवटी बोलले होते. पाटलांनी मान हलवली. "बरोबर आहे. दवंड्या, उद्या सकाळी दे दवंडी. सगळं उघडं. पाच-दहा पिकली पानं गळतील, पण गाव तरेल."

दवंडीवाल्याने बोटं मोजायला घेतली. कधी, तर उद्यापासून. कुठं, तर गावात. तिसऱ्या बोटाशी तो अडला.

"कोण, पाटील?"

"काय कोण?"

"गळणार कोण? उंबऱ्यावर लोक विचारतील. नाव लागेल."

पाटलांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा म्हणाले, "नाव घेऊन कसं सांगता येईल? कोणीतरी."

"'कोणीतरी' म्हटलं की अकरा बैल येतात, अण्णा. तुमच्या आईचं नाव घालू?"

"जीभ आवर."

"मग वस्तादांच्या वडिलांचं?"

वस्ताद घोंगडीसकट अर्धे उठले. दवंडीवाला हात जोडून म्हणाला, "बसा वस्ताद, तुम्हाला धाप लागेल. मग माझ्या आईचं घालतो. तिच्याएवढी कमजोर छाती आता गावात दुसरी नाही. दवंडी अशी देऊ का? ऐका हो ऐका, गावाच्या भल्यासाठी उद्यापासून दवंडीवाल्याची आई..."

तिसरं बोट तसंच उघडं धरून तो सगळ्यांकडे वळला. पाटील आपल्या जोड्यांकडे बघत राहिले. अण्णांनी मान खाली घातली.

"मी तेच म्हणतोय," वस्ताद म्हणाले. "सगळ्यांनी आत बसावं."

"सगळे म्हणजे कोण, वस्ताद? तुम्ही पडून होता, तेव्हा पाणी कोण आणत होतं?"

"कावडवाला."

"अण्णा, तुमच्या दारात दूध?"

"गवळण ठेवून जायची."

"आणि 'आत बसा, आत बसा' म्हणत गावभर कोण फिरत होतं? आम्ही काही त्या सगळ्यांत नव्हतो. दिवसभर फिरून आम्ही ज्या घरी परत जातो, त्या घरातही पिकली पानं आहेत."

पाटलांची मोठी पंचाईत झाली, कारण शेवटी बोलला होता तो दवंडीवाला, आणि त्यांना त्याचं पटलं होतं.

"मग दवंडी काय द्यायची?" त्यांनी विचारलं.

"आधी नावं काढा. प्रत्येक घरात कमजोर कोण, आणि ताप येऊन उठलेलं कोण."

नावं निघाली. कमजोर एकतीस, उठलेले चौदा. एकदा नावं समोर आल्यावर ठरवायला फार वेळ लागला नाही. एकतीस जणांनी आत बसायचं. त्यांचं पाणी, दूध, सरपण चौदा जणांनी पोचवायचं, कारण त्यांना ताप पुन्हा धरत नव्हता. कावडवाल्याला आणि गवळणीला ताप आला नव्हता, म्हणून त्यांनी पाणी आणि दूध वेशीपर्यंतच आणायचं. बाकीच्यांनी शेतात जायचं, पण एकमेकांपासून बैलांसकट एका औताच्या लांबीच्या अंतराने. सभा बंद. ज्या घरचा कमावता माणूस अडकेल, त्या घराला अण्णांच्या कोठारातून धान्य.

"कोठार उघडतो," अण्णा म्हणाले, "पण माप मेहुण्याने घालायचं. दिवसभर. बाहेर उभं राहून."

दवंडीवाल्याला ताप आला नव्हता आणि दारोदार तर तोच जायचा, म्हणून तो रिकाम्या तालमीत राहायला गेला. त्याने 'ऐकलं'ची रीतही बदलली. कोणी उंबऱ्यावर यायचं नाही, आतूनच कडी वाजवायची. एकदा वाजली तर सगळं ठीक. दोनदा वाजली तर काहीतरी हवंय. वाजलीच नाही, तर वस्तादांनी आत जाऊन बघायचं.

रोज सकाळी तो शेवटी आपल्या दाराशी येई. वीस पावलांवर, समोरच्या लिंबाखाली उभा राही. हळू बोलायची त्याला सवयच नव्हती.

"आई, रात्री धाप लागली का?"

कडी एकदा वाजे.

"काढा घेतला का? पोट साफ झालं का?"

कडी जरा जोरात वाजे, आणि तीन आळ्यांपलीकडून कोणीतरी दुसऱ्याला सांगे, "झालं म्हणाली."

नवव्या दिवशी कडी वाजली नाही.

"आई, काढा घेतला का?"

काही नाही. आदल्या दिवशी शेजारच्या घरात ताप शिरला होता. तिसऱ्यांदा हाक मारायला तो थांबला नाही. त्याने नुसता हात वर केला. वस्तादांनी कळशी खाली ठेवली आणि ते आत गेले. दवंडीवाला लिंबाच्या खोडाला धरून उभा राहिला.

वस्ताद बाहेर आले. चेहरा गंभीर.

"बोलत नाही," ते म्हणाले.

"श्वास?"

"चालू आहे. चांगला चालू आहे. रुसलीय ती. म्हणते, जो मेला माझ्या पोटाची गावभर दवंडी पिटतो, त्याला कडी मिळणार नाही."

आतून म्हातारीचा आवाज आला, "आणि त्यातही कोण, कुठं, कधी, तिन्ही घालतो."

अख्खी आळी हसली. दारामागून, खिडकीमागून, जिथे जिथे कडी होती तिथे ती वाजली. दवंडीवाला खाली बसला आणि हसता हसता त्याने उपरण्याने डोळे पुसले. दुसऱ्या दिवसापासून त्याने पोटाचा प्रश्न गाळला.

हुडहुड्या पुरते अडीच महिने गावात राहिला. शेतातले धडधाकट लोक एकेक करून पडले, उठले आणि पाणी पोचवणाऱ्यांत मिळाले. चौदाचे साठ झाले, मग दीडशे. हळूहळू तापाला बसायला घर उरलं नाही. एकतीस जणांपैकी एकोणतीस वाचले. दोघं गेली. शेवटच्या दवंडीत ताप गेल्याचं सांगण्याआधी दवंडीवाल्याने त्या दोघांची नावं घेतली, कोणत्या आळीत राहत होती ते सांगितलं, आणि कोणत्या दिवशी गेली तेही. त्यानंतर दारं उघडली. आई उंबऱ्यावर आली आणि पहिलंच वाक्य बोलली, "वाळलास किती. जेवत होतास की नुसता ओरडत होतास?"

त्याच संध्याकाळी चावडीवर वस्ताद आणि अण्णा पुन्हा भांडायला बसले. गाव कोणाच्या सल्ल्याने वाचलं, यावर. पाटलांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि या वेळी कोण शेवटी बोलतो ते बघायला थांबले नाहीत. उठून घरी गेले.

तात्पर्य: 'थोडे जातील' असं म्हणावंसं वाटलं की त्या थोड्यांची नावं घेऊन पाहावीत, आणि 'सगळ्यांनी घरात बसा' म्हणावंसं वाटलं की त्या सगळ्यांत आपल्या दारात पाणी आणणारा आहे का, ते पाहावं. नावं घेतली की भांडण कमी होतं आणि काम सुचतं.