शेवटची मोकळी पाठ

फार पूर्वी, वृक्षांना वाचा होती तेव्हा, एका तळ्याकाठी अस्वलाची कोळशाची भट्टी होती. तिच्या धुरामुळे कमळे उमलेनाशी झाली आणि चांदणे पाण्यापर्यंत पोहोचेनासे झाले. अखेर वृक्षांच्या सभेत वडाने आज्ञा दिली, "भट्टी उद्याच विझवा."

कोळसा वाहणारी गाढवे हवालदिल झाली. "महाराज, मग आमच्या पाठींचे काय?"

"मोकळ्या होतील. विश्रांती घ्या!"

"मोकळ्या पाठीला गवत कोण घालतो?"

तळ्यात एका पायावर उभा राहून वर्षानुवर्षे धुराचा अभ्यास करणारा बगळा म्हणाला, "भट्टी अवश्य विझवावी, परंतु शेवटच्या गाढवाला नवे काम मिळेल त्या दिवशी."

"बकध्यान लावून हेच सुचले का?" चिंच फणकारली. तरीही सभेने ते मान्य केले.

मग आजवर गाढवांकडे ढुंकूनही न पाहणारे वृक्ष त्यांच्यासाठी कामे शोधू लागले. सुगरणीने गवताच्या झोळ्या विणल्या. त्यांतून बिया आणि ओली माती उजाड टेकडीवर जाऊ लागली, आणि त्या श्रमांबद्दल वनाचे कुरण गाढवांना खुले झाले. उरली एक म्हातारी गाढवीण. तिच्यापायी भट्टी धुमसतच राहिली.

अखेर वड स्वतः वाकून म्हणाला, "मावशी, आपण काय न्याल?"

"ओझे आता झेपत नाही, बाबा. पण दाट धुक्यातही माझी वाट चुकत नाही."

वडाने पारंबीत घंटा ओवून तिच्या गळ्यात बांधली. ती पुढे निघाली आणि सारा तांडा तिच्या मागून चालू लागला. घंटेचा नाद टेकडीवर पोहोचला, तेव्हा अस्वलाने भट्टीवर पाणी ओतले.