पळसवाहीच्या शाळेला फाटक का नाही

पळसवाहीच्या शाळेला चारी बाजूंनी पक्की भिंत आहे, पण फाटक नाही. भिंतीत नुसती मोकळी जागा सोडलेली आहे, डोक्यावर घागर घेतलेल्या दोन बाया शेजारी-शेजारी आत जातील एवढी. बाहेरच्या माणसाला वाटते, काम अर्धवट राहिले असेल. पण होळीनंतरच्या दिवसांत तो दुपारी तिथे थांबला, तर त्याला आणखी एक गोष्ट दिसते. कोणी एक बाई पाणी घेऊन येते आणि कोणाला न विचारता सरळ वर्गात शिरते. गुरुजी फळ्यावर लिहीत असोत की पाढे म्हणून घेत असोत, असतील तिथे थांबतात. पोरे पाणी पितात, बाई निघून जाते.

पाहुण्यांनी कारण विचारले की गावकरी सोमाजीबुवांच्या घराकडे बोट दाखवतात. बुवा गावातले सगळ्यांत म्हातारे. ते सांगतात ती हकिकत अशी.

मालगुजारीच्या काळी या गावात शाळा नव्हती. गावाचा जमीनदार असलेल्या मालगुजाराने पुष्कळ खटपट करून ती आणली. दौलत मास्तर नावाचा एक तरुण मास्तर आला आणि एका गवती छपराखाली पोरे शिकू लागली. सगळे मुलगेच. गावात गिरजा नावाची विधवा होती. मोहफुले वेचावीत, लोकांचे धान कांडावे, असा तिचा संसार. तिला एकच लेक, तानी. गिरजा मास्तराच्या दारात जाऊन बसायची, म्हणे. मास्तर नाही म्हणाला की उठायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बसायची. शेवटी मास्तर कंटाळला आणि त्याने तानीला पाटी धरू दिली.

गिरजा स्वतः मात्र शाळेच्या अंगणात कधी पाय ठेवत नसे. लेकीला न्यायला आली तरी बाहेरूनच हाक मारी. अक्षर न येणाऱ्या माणसाने आत जाऊ नये, असे तिला वाटे. कोणी तिला तसे सांगितले नव्हते.

एका वैशाखात निरोप आला की मोठे साहेब शाळा बघायला येणार. साहेब खूश झाले तर शाळा राहील, नाहीतर उठेल, असे मालगुजाराने गावाला बजावले. अंगण सारवले गेले, आंब्याच्या पानांचे तोरण लागले. मास्तराने अंगणाच्या कडेने चुन्याची रेघ ओढली आणि सांगितले, "रेघेच्या आत कोणी यायचं नाही. गर्दी दिसली तर साहेबांना आवडणार नाही." साहेबांना ओवाळायला मुलगी हवी, म्हणून पितळेचे ताट तानीच्या हातात दिले आणि तिला सगळ्यांच्या पुढे उभे केले.

रेघेबाहेर बाया जमल्या होत्या. त्यांतली एक गिरजाला कोपर मारून म्हणाली, "काय वो गिरजे, तुही पोरगी तं सायेबीण झाली! आता आमच्यासंग बोलते का नाही?"

"बोलन, बोलन," गिरजा म्हणाली. "पहिले सायबासंग बोलू दे तिले." बाया हसल्या. तिच्या आयुष्यात तेवढी सकाळ सोन्याची होती, असे बुवा सांगतात.

साहेब आले नाहीत. ऊन डोक्यावर आले. सारवलेली जमीन तापली, पोरे एक पाय उचलून दुसऱ्यावर ठेवू लागली. बायांची हसणी थांबली. गिरजा धावत घरी गेली, माठातले पाणी गडव्यात घेऊन परत आली आणि रेघेपाशी थांबली.

"मास्तरजी," ती म्हणाली, "घोटभर पाणी देऊ काय जी पोरीले?"

मास्तराचाही गळा सुकला होता. त्याने मालगुजाराकडे पाहिले. मालगुजार मांडवाखाली बसला होता. त्याने नकारार्थी मान हलवली. "आता नाही बाई," मास्तर म्हणाला. "साहेब एवढ्यात येतीलच. एकीला दिलं की सगळी रांग मोडते."

गिरजाने ऐकले. मास्तर शिकलेला, त्याला कळत असेल, असे तिला वाटले. भरला गडवा हातात, लेक चार पावलांवर, आणि मध्ये चुन्याची एक रेघ. तानीने मान वळवून आईकडे पाहिले. तिचे ओठ पांढरे पडले होते. तेव्हा गिरजाने काय केले, तर तिला डोळ्यांनीच खुणावले, की समोर बघ, नीट उभी राहा.

तानी समोर बघून नीट उभी राहिली.

थोड्या वेळाने ताट पडल्याचा आवाज झाला. ताट पडले, आता मास्तर रागावतील, हेच गिरजाच्या मनात पहिल्यांदा आले, असे सांगतात. मग तिने पाहिले की ताटाशेजारी तानीही पडली आहे. तेव्हा ती रेघ ओलांडून धावली. गडवा लेकीच्या तोंडाला लावला. पाणी आत गेले नाही, दोन्ही गालांवरून खाली आले, आणि जमिनीने ते लगेच शोषून घेतले.

साहेबांची दमणी, म्हणजे छपराची बैलगाडी, ऊन उतरल्यावर आली. ऊन फार, म्हणून साहेब वाटेत अमराईत थांबले होते, म्हणे. तिथे त्यांची झोपही झाली. अंगणात आल्यावर त्यांनी विचारले, "एवढ्या उन्हात मुलांना उभं करा, असं कोणी सांगितलं होतं?" मालगुजाराने मास्तराकडे पाहिले आणि मास्तराने जमिनीकडे.

शाळा उठली नाही. साहेबांना ती आवडली. मालगुजार गावात सांगत फिरला की पोरगी मुळातच नाजूक होती. बाया शाळेपुढे येऊन रडतील, गोंधळ घालतील, म्हणून त्याने अंगणाला काटेरी कुंपण घातले आणि बांबूचे फाटक बसवून घेतले.

तेराव्यापर्यंत गिरजा घराबाहेर आली नाही. लोक म्हणत, ही एक दिवस शाळेला आग लावील. मग एका दुपारी, शाळा भरलेली असताना, ती डोक्यावर घागर घेऊन आली. बांबूचे फाटक तिने दोन्ही हातांनी उपटले, असे सांगतात. ते बसवायला चार गडी लागले होते. ती छपराखाली शिरली तेव्हा मास्तर शिकवत होता, तो थांबला. एकेका पोराजवळ बसून तिने पाणी पाजले. ज्याने घाईने प्यायले त्याला म्हणाली, "सावकाश पे बापा, कोनी रागवत नाही."

सगळी पोरे झाल्यावर मास्तर पुढे आला. त्याने दोन्ही हातांची ओंजळ केली आणि मान खाली घातली.

"मास्तरजी," गिरजा म्हणाली, "त्या दिवशी मी तुमचं आयकलं. आता ह्या गावची कोनतीच माय आयकनार नाही."

घागरीत पाणी उरले होते. तिने ती उचलली आणि चालू लागली. मास्तर बराच वेळ तशीच ओंजळ धरून उभा होता, म्हणे.

त्यानंतर शाळेची इमारत बदलली, कुंपणाची भिंत झाली. फाटक तर किती वेळा बसवले, लाकडाचे बसवले, लोखंडाचेही बसवले. ते टिकत नाही. काही दिवसांत बिजागरीतून निघून भिंतीला टेकलेले सापडते. गिरजा येऊन काढते, असे काही म्हणतात. बायाच काढत असतील, असे बुवा म्हणतात. पण काढताना कोणी कोणाला पाहिलेले नाही.

पाहुणे हे ऐकून हळहळतात आणि म्हणतात, बरे झाले, गाव शहाणे तरी झाले. बुवांना मात्र तसे वाटत नाही. कारण आजही कोणी मोठा माणूस येणार असला की पोरांना दुपारीच बाहेर काढून रांगेत उभे करतात. गुरुजी नवे असतात, त्यांना वरून निरोप असतो, आणि मोठा माणूस वाटेत कुठेतरी सावलीला थांबलेला असतो. म्हणून आजही, मृगाचा पाऊस पडेपर्यंत, पळसवाहीत एकही आई दुपारी डोळा मिटत नाही.