सोनबा शिंप्याचा चोरखिसा

बाजाराच्या एका गावात सोनबा नावाचा शिंपी होता. झबल्यापासून सदऱ्यापर्यंत तो सगळंच शिवत असे, पण पंचक्रोशीत त्याचं नाव होतं ते चोरखिशासाठी. गुरांच्या बाजारात सौदे जुळवणारे हेडे, धान्याचे व्यापारी, लांबच्या यात्रेला निघालेली म्हातारी माणसं, सगळी त्याच्याकडे येत. सोनबा बंडीच्या आत असा खिसा बेतायचा की घरच्या बाईने ती बंडी दहादा धुतली तरी तिला खिशाचं तोंड सापडू नये. एका व्यापाऱ्याला तर स्वतःचाच खिसा सापडेना आणि तो तिसऱ्या दिवशी बंडी घेऊन परत आला. ही गोष्ट सोनबाने पुढे वीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगितली, आणि दर वर्षी त्या व्यापाऱ्याचे शोधण्याचे दिवस वाढत गेले.

बंडी हातात देताना तो प्रत्येकाला एकच ताकीद देई. "खिशाला हात लावू नगा. पाकीटमाराला खिसा दिसत न्हाई, तुमचा हात दिसतो." लोक मान हलवत, आणि दुकानाची पायरी उतरता उतरता खिसा चाचपून बघत.

जन्मभर दुसऱ्याचा ऐवज लपवणाऱ्या माणसाचा जगावर विश्वास उरत नाही. सोनबाचाही उरला नव्हता. दाखवलेली वस्तू जाते आणि लपवलेली राहते, असं त्याचं पक्कं मत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तो उठता बसता म्हणायचा.

साठी उलटल्यावर त्याला काचबिंदू झाला. डावा डोळा गेला ते कळलंसुद्धा नाही. दुकानातला दिवा मंद झाला असं समजून त्याने दोनदा दिवा बदलला, आणि तिसऱ्यांदा बायकोने त्याला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी उजवा डोळा थेंबांवर राखला. दोन लहान बाटल्या होत्या. सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला दोन्हींचा एकेक थेंब घालायचा. बाईंनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं की हा आजार दुखत नाही, म्हणून माणूस फसतो. थेंब चुकले आणि त्यापायी नजर गेली, तर ती कुठल्याही उपायाने परत येत नाही. सोनबाने आयुष्यात फारसं कोणाचं ऐकलं नव्हतं, पण हे ऐकलं. एका डोळ्यावर सुई ओवणाऱ्याला डोळ्याची किंमत समजावून सांगावी लागत नाही.

त्याची एकुलती एक मुलगी वैजयंता पार उत्तरेला, डोंगरातल्या एका धरणाच्या वसाहतीत राहत होती. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर तिला मुलगा झाला. डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली म्हणून बाळंतपणाला माहेरी येणं झालं नाही. बारसं सव्वा महिन्यानंतर तिथेच ठरलं. पाळण्यात घालताना बाळाच्या डोक्यावर बांधायची कुंची आजोळची असते. सोनबाने ती स्वतः शिवली, एका डोळ्याने, रोज थोडी थोडी. बायकोचे गुडघे प्रवासाला तयार नव्हते, तेव्हा कुंची घेऊन त्याने एकट्याने विमानाने जायचं ठरलं. त्या डोंगरातल्या गावाला विमान दोन दिवसांआड एकदाच जाई.

नेमकं त्याच सुमारास कुठेतरी काहीतरी अघटित घडलं आणि सगळ्या विमानतळांवर तपासणी कडक झाली. पातळ वस्तू हातातल्या सामानात न्यायला बंदी आली. बाजारात तर या बंदीला रोज नवं शेपूट फुटत होतं. भुसाराचा व्यापारी लखमीचंद एकदा विमानाने जाऊन आला होता आणि त्या एका फेरीवर तो आयुष्यभर बोलणार होता. त्याने सांगितलं की आपल्या बायकोचं लोणचं डोळ्यादेखत टोपलीत टाकलं, तेलाची बाटली टाकली, पाणीसुद्धा सोडलं नाही. सोनबाने विचारलं, औषध? लखमीचंदला औषधाचं काही ठाऊक नव्हतं, पण न ठाऊक असलेल्या गोष्टीवर गप्प बसणं त्याला जमत नसे. औषधही टाकतात म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी मात्र वेगळं सांगितलं. नियम कडक आहेत, पण गरजेच्या औषधाला वाट आहे. त्यांनी सहीशिक्क्याची चिठ्ठी लिहून दिली आणि बजावलं की बाटल्या त्यांच्या खोक्यातच ठेवा, मोठ्या बॅगेत टाकू नका, हातात धरा आणि कोणी विचारायच्या आधी पुढे करा. त्या डोंगरात हे थेंब मिळणार नाहीत, तेव्हा एवढं सांभाळा.

सोनबा घरी आला आणि विचारात पडला. एका बाजूला शिकलेली डॉक्टरीण होती आणि दुसऱ्या बाजूला लखमीचंदचं लोणचं. शेवटी लोणच्याची सरशी झाली.

त्याने जाड खादीची नवी बंडी बेतली. पाठीवर, मानेच्या खाली, दुहेरी कापडाच्या मधोमध चोरखिसा घातला. आयुष्यातला सगळ्यात चांगला खिसा. बाटल्या आत ठेवून त्याने वरून बोटं फिरवून पाहिली. खोकं टोचत होतं, म्हणून खोकी चुलीत गेली. मग बाटल्यांवरचा कागद बोटाखाली कुरकुरला. अस्तरातला कागद बोटाशी बोलतो, हे शिंप्याला कळतं, तपासनिसालाही कळलं असतं. सोनबाने बाटल्या कोमट पाण्यात ठेवल्या आणि दोन्हींवरची नावं अलगद सोलून काढली. आता बोटाला काही लागेना. त्याला फार समाधान वाटलं.

बायको हे सगळं बघत होती. तिने कपाळाला हात लावला.

"अवो, बाईंनी दाखवा म्हणून सांगितलंय. मग दाखवा की. चोरी केलीय का आपण?"

सोनबा म्हणाला, तुला जगाची रीत कळत नाही. चिठ्ठी मात्र तिने हट्टाने त्याच्या पिशवीत, कुंचीच्या घडीखाली ठेवली. त्याने ती तिथेच राहू दिली.

दुपारचं विमान होतं. विमानतळावर तपासणीची रांग लांबलचक होती आणि मुंगीच्या पावलाने सरकत होती. बूट, पट्टे, किल्ल्या, सगळं ट्रेमध्ये जात होतं. सोनबाच्या पुढे एक म्हातारी बाई होती. तिने आपली पाळी यायच्या आधीच पिशवीतून एक खोकं आणि एक कागद काढला, ट्रेमध्ये सगळ्यांत वर ठेवला आणि जवानाला डोळ्यांकडे बोट करून दाखवलं. जवानाने खोक्यावरचं नाव वाचलं, कागदावरचं नाव वाचलं आणि तिला पुढे सोडलं. सोनबाने हे पाहिलं. त्याचा हात नकळत मानेमागे गेला. खिसा जागेवर होता. दोन पावलांनी हात पुन्हा गेला. मग तिसऱ्यांदा.

समोरचा जवान तरुण होता. त्याला शिवणकामातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण रांगेतल्या माणसांचे हात बघणं हेच त्याचं काम होतं. सोनबा पुढे येताच त्याचा पंजा सरळ मानेखाली जाऊन थांबला.

"ये क्या है, बाबा?"

"गाठ आहे. जुनी शिवण," सोनबा म्हणाला. बंडीला अजून खळीचा वास येत होता.

त्याला बाजूला घेतलं. एक मराठी अधिकारी बाई आल्या. बंडी काढायला लावली, उलटी केली, सुलटी केली, पण खिशाचं तोंड कोणाला सापडेना. दोन जवानांनी प्रयत्न केले. एरवी सोनबाची छाती अभिमानाने फुगली असती. त्या वेळी तो उघड्या अंगाने उभा होता आणि तोंड न सापडणारा प्रत्येक क्षण त्याला अधिक मोठा चोर ठरवत होता. रांगेतले लोक मान वळवून बघत होते. शेवटी त्याने बंडी मागून घेतली आणि आपली शिवण आपल्याच दातांनी उसवली. दोन बिननावाच्या बाटल्या टेबलावर आल्या.

त्याने पिशवीतून चिठ्ठी काढून बाईंपुढे धरली. मग काही राखून न ठेवता सगळं सांगितलं. काचबिंदू, आठचे थेंब, लखमीचंद, चुलीत गेलेली खोकी, कोमट पाणी. बाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली.

"चिठ्ठीत औषधाचं नाव आहे, बाबा. या बाटल्यांवर कुठं आहे?"

सोनबाने एक बाटली उचलून फिरवून पाहिली आणि परत टेबलावर ठेवली.

"तुम्ही खरं बोलताय असं मला वाटतं. पण लपवून आणलेल्या, नाव काढलेल्या बाटल्या मी विमानात जाऊ देऊ शकत नाही. त्या घेऊन परत जा, नाहीतर त्या इथं ठेवून पुढे जा. काय ते तुम्ही ठरवा."

वर विमानाची शेवटची सूचना चालू होती. उद्या बारसं होतं. सोनबाने हिशेब मांडून पाहिला. गेलो तर तिथे चार दिवस राहायचं, म्हणजे आठ वेळा थेंब चुकणार. चुकले तर काय होईल? कदाचित काहीच होणार नाही. डाव्या डोळ्याच्या वेळीही त्याला तसंच वाटलं होतं. कुंची हातात होती आणि ती ज्याच्यासाठी होती ते पोर अजून त्याने पाहिलं नव्हतं. त्याचे पाय पुढे ओढत होते. मग त्याने बाटल्या उचलल्या आणि परत फिरला. विमान त्याच्याशिवाय गेलं.

आता मुलीला फोन करायचा होता. विमान रद्द झालं, असं सांगणं अगदी सोपं होतं. एवढ्या लांबून कोण विचारायला येणार? तपासणी कडक असल्याचं तिलाही माहीत होतं आणि सगळं खापर त्या तपासणीवर आयतं फुटलं असतं. वाक्य त्याच्या ओठांवर तयार होतं. तिचा आवाज ऐकला आणि त्याला त्या टेबलापुढे उघड्या अंगाने उभं राहणं आठवलं.

"वैजू, विमान गेलं. मी राहिलो. लोकांनी अडवलं न्हाई, माझ्या शिवणीनं अडवलं." आणि त्याने तिलाही सगळं सांगितलं.

वैजयंता रडली, मग रागावली. कुंचीसाठी नव्हे, ती इथे विकतही मिळेल म्हणाली. माझा बाप माझ्या पोराच्या बारशाला नाही, हे तिला लागलं होतं. त्याने चाचरत विचारलं, नाव काय ठेवणार?

"फोनवर सांगणार नाही, आबा. इथं येऊन विचारा."

सोनबा दोन दिवस शहरातल्या धर्मशाळेत राहिला. आठच्या आठला थेंब घातले. चिठ्ठी दाखवून औषधाच्या दुकानातून तेच थेंब नवे घेतले, खोक्यासकट. बारशाच्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी तो पुन्हा त्याच रांगेत उभा होता. खोकी आणि चिठ्ठी त्याने उघड्या तळहातावर धरली होती. दुसरा कोणी जवान होता. त्याने खोक्यावरचं नाव वाचलं, चिठ्ठीवरचं वाचलं.

"जाइए, बाबा."

एवढंच. अर्धं मिनिटही लागलं नाही. सोनबा पलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसला आणि त्याला रडू आवरेना. जवानाने अडवलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. निदान लखमीचंद खरा ठरला असता.

संध्याकाळी तो मुलीच्या घरी पोचला. दारावरचं तोरण सुकलं होतं. पाळण्याच्या फुलांच्या माळा काढून झाल्या होत्या आणि पाहुणे आपापल्या गावी परतले होते. पाळण्यातलं पोर विकतची कुंची घालून झोपलं होतं. शेजारची तीन वर्षांची मुलगी पाळण्याच्या काठाला धरून त्याला त्याच्या नावाने हाका मारत होती, पण तिच्या बोबड्या बोलातून ते नाव सोनबाला उमगेना. आठ वाजले तसे त्याने डोळ्यात थेंब घातले, डोळा पुसला आणि नातवाला मांडीवर घेतलं. त्याचं नाक, त्याचे कान, त्याच्या मुठी त्याने एकेक करून नीट पाहिल्या. सगळं स्वच्छ दिसलं.

मग त्या घरात ज्याला ते नाव माहीत नव्हतं अशा एकट्या माणसाने, सख्ख्या आजोबाने, मान वर करून विचारलं, "नाव काय ठेवलंत ह्याचं?"

तात्पर्य: जे उजळ माथ्याने दाखवता येतं ते लपवू नये, लपवलेलं खरं जगाला खोटंच दिसतं, आणि ते पुन्हा खरं ठरेपर्यंत वेळ थांबत नाही.