कडेला विचारलंस का?

“अण्णा, खाच बुजते का?”

शिवरामअण्णांनी मान वर केली नाही. “कशावरची?”

“कलशावरची.”

“पाडली कोणी?”

हेरंबनं हातोडा पाठीमागे लपवला.

आमच्या तांबट आळीत शिवरामअण्णांचा हात असा, की त्यांच्या हंड्यात ओतलेलं पाणी सांडायला लाजायचं. मी स्वतः पाहिलंय. निदान सांगत तरी तसंच आलोय.

हेरंब त्यांचा शिष्य. हुशार पोरगा. पण ते त्याच्याही कानावर गेलं होतं, तीच पंचाईत.

त्यानं स्वतःसाठी पोलादी हातोडा घडवला होता. आधी कानशीनं घासला. मग पॉलिश पेपर, जाड्यापासून बारीकपर्यंत. शेवटी चामड्यावर तेल लावून रगडला. हातोड्याचं तोंड असं लखलखलं, की आळीतला न्हावी आरसा सोडून त्यात बघून मिशा कापायला लागला. एका गिऱ्हाइकाची मिशी तिरपी झाली म्हणतात. पण ती मूळचीच तिरपी असणार.

आळीभर मिरवून झाल्यावर हातोडा अण्णांपुढे आला.

अण्णांनी तोंड पाहिलं. मग त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला.

“तोंड झकास. कडेला विचारलंस का?”

हेरंब हसला. “कडेचं काय काम, अण्णा? घाव तोंडानं बसतो.”

“हं,” म्हणाले अण्णा. आणि भैरोबाच्या देवळाचा कलश त्याच्या हवाली केला.

कलश घडून तयार होता. मठार तेवढा राहिला होता. म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर हातोड्याचे ठसे शेजारीशेजारी असे उठवायचे, की ऊन पडलं की सगळं अंग चमचमावं. संध्याकाळी गावकरी वाजतगाजत कलश न्यायला येणार होते.

हेरंबचे पहिले घाव देखणे पडले. मग मनगट जरासं कललं. कड टेकली. कलशाच्या ऐन पोटावर नखाएवढी चंद्रकोर उमटली.

आणि आता तो अण्णांपुढे उभा होता.

“हातोडा दे. आणि अंगठा.”

अण्णांनी हातोड्याची कड त्याच्या नखावरून ओढली. नखाची पांढरी साल निघाली.

“दुखलं?”

“नाही...”

“तांब्यालाही दुखत नाही. नुसतं दिसतं.”

अण्णांनी कानस पुढे केली. “कड मार.”

“अण्णा, आरसा जाईल माझा!”

“आरशावाचून कलश चढेल.”

“आणि वेळ? गावकरी येतील आत्ता.”

“मग बोलतोस कशाला?”

हेरंबनं डोळे मिटून कानस लावली. पहिल्याच फटक्यात न्हाव्याचा आरसा गेला. कड गोल झाली, तोंडाला किंचित फुगवटा आला. पुन्हा पॉलिश पेपर, पुन्हा चामडं. ज्या पोलादी मेखेवर कलश आतून टेकवायचा, तीही अण्णांनी त्याच्याकडून घासून घेतली.

“मेख कशाला? ती तर आत असते.”

“आतलंच आधी बाहेर येतं.”

वेशीकडून हलगी ऐकू यायला लागली.

हेरंबनं कलश मेखेवर चढवला आणि हातोडा अण्णांपुढे धरला. “तुम्ही मारा. माझं मनगट पुन्हा कलेल.”

“मला ती खाच ओळखत नाही. तू मार.”

“बिघडलं तर?”

“बिघडलेलंच आहे. आता भीती कसली?”

हेरंबला हसू आलं. त्या हसण्यातच मनगट सैल झालं.

टक्... टक्... खाचेच्या भोवतीनं हलके घाव. आजूबाजूचं तांबं मुंगीच्या पावलानं सरकलं. चंद्रकोरीची रेघ झाली. रेघेचा केस झाला. मग केसही गेला. नवे ठसे जुन्या ठशांना जाऊन मिळाले.

त्यानं बोटं फिरवली. पुन्हा फिरवली. डोळे मिटून फिरवली.

“अण्णा... सापडत नाही!”

“मग शोधतोस कशाला? उरलेलं मठार.”

शेवटचा घाव पडला तेव्हा हलगी दारात होती. पाटलांनी कलश उतरत्या उन्हात धरला, दोन्ही बाजूंनी पाहिला आणि म्हणाले, “वा!” गुलाल उधळत मंडळी गेली. हेरंब भिंतीला टेकून असा बसला, जणू कलश चढवून तोच शिखरावरून उतरला होता.

अण्णांनी आपला पाण्याचा गडू त्याच्यापुढे धरला.

हा गडू ते कुणाला देत नसत. आळीत कोणी म्हणे त्यात सोनं मिसळलंय, कोणी म्हणे त्यातलं काशीचं पाणी आटतच नाही. दोन्ही अफवा मीच उठवल्या होत्या.

हेरंबनं गडू घेतला. तोंडाला लावता लावता अंगठा एका ठिकाणी अडखळला. त्यानं गडू फिरवून पाहिला. पोटावर नखाएवढी चंद्रकोर.

त्यानं तिच्यावर नख टेकवून पाहिलं.

“अण्णा, ही... तुमची?”

अण्णा मेख पुसत होते.

“मग इतक्या वर्षांत बुजवली का नाहीत?”

“अंधारात गडू सापडतो.”