गप्प बसल्याची नोटीस

“…आणि ‘नाही’ म्हणालास तर?” दर्ग्यातले फकीर लतीफबाबा यांनी विचारलं.

“आमदारकी जाते, बाबा.”

टेकडीवरच्या दर्ग्यापाशी ऊन रणरणत होतं. आमदार धोंडीराम खरात गाडी खालीच ठेवून एकटे चढून आले होते. घामानं निथळत होते. चढामुळे, असं त्यांचं म्हणणं.

पायथ्याशी त्यांच्या गावाचं गायरान पसरलं होतं. उद्या विधानसभेत विधेयक येणार. ते मंजूर झालं की गायरान एका कंपनीचं. पक्षानं व्हिप काढला होता. सगळ्यांनी ‘होय’ म्हणायचं.

“किती वर्षं ‘होय’ म्हणतोयस?”

“सतरा. आमचा प्रतोद मान हलवतो, आम्ही म्हणतो. एकदा त्याला डुलकी लागली, मान आपोआप हलली… विरोधकांचाच ठराव मंजूर करून बसलो!”

बाबा खो खो हसले. खरात हसले नाहीत.

“या गायरानात मी मेंढरं वळलीत, बाबा. त्या बाभळीखाली आई भाकरी सोडायची…”

“मग?”

“एकदा, एकदाच त्या सभागृहात माझा स्वतःचा शब्द ऐकावासा वाटतो. कसा येतो तो आतून, तेच विसरलोय.”

“म्हण की मग ‘नाही’.”

“सतरा वर्षांची सवय आहे, बाबा. उद्या जीभ ऐनवेळी ‘होय’च म्हणेल.”

“तर जीभच हलवू नकोस. गप्प बस.”

“तेही चालत नाही! गप्प बसलं तरी पक्षादेश मोडला. लगेच नोटीस.”

बाबा ताठ बसले.

“नोटीस? कशाबद्दल?”

“गप्प बसल्याबद्दल.”

“तुझ्या नावानं?”

“नावानिशी. गप्प का बसलात, सात दिवसांत खुलासा करा…”

बाबांच्या हातातली माळ थांबली.

“म्हणजे एवढ्या गलक्यात कुणीतरी बघत असतं, धोंडी गप्प आहे म्हणून?”

“एकेकाचं तोंड बघतात, बाबा.”

खालून वारा आला. गायरानातलं वाळलं गवत सळसळलं…

“बाबा, मी उद्या काय करू?”

बाबांनी मान वर केली. निरभ्र आभाळाकडे बघता बघता त्यांचे डोळे भरून आले.

“बारा वर्षं मौन धरलं होतं रे मी… वरून एकदाही विचारणा झाली नाही.”