बंद जवारी

तंबोरे घडवणाऱ्यांच्या गल्लीत एकदा एक शिष्य आपल्या वृद्ध उस्तादांवर मनातून फार रागावला, त्याची ही गोष्ट आहे.

शिष्याचे नाव गुलाब. चाळिशी उलटलेली, पण उस्तादांसमोर अजून शिष्यच. काम जवारीचे. आता जवारी म्हणजे काय, ते आधी सांगायला हवे. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर एक छोटी घोडी बसवलेली असते, तिच्यावरून तारा जातात. ती घोडी कानसेने इतकी हलकेच घासायची, आणि तारेखाली सुताचा दोरा असा सरकवायचा, की तार नुसती वाजू नये, गुंजावी. जमले तर जवारी खुली, नाहीतर बंद. बंद जवारीचा तंबोराही सुरात असतो बरे का! खुंट्या पिळल्या की सूर बरोबर लागतो, आवाज मात्र घशात अडकल्यासारखा राहतो.

गुलाबच्या कानाची सगळ्या गल्लीत ख्याती होती. भिंतीपलीकडचा तंबोरा ऐकून कोणती तार उतरली आहे ते तो सांगे. आणि याच माणसाशी त्याची चौदा वर्षांची मुलगी यास्मिन चार महिन्यांत एक शब्द बोलली नव्हती.

निमित्त क्षुल्लक होते. परीक्षेत गुण कमी पडले, गुलाब तिला पाहुण्यांदेखत बोलला, तिने उलट उत्तर दिले, शब्दाने शब्द वाढला आणि त्याचा हात उठला. त्या दिवसापासून तो घरात आला की ती उठून आतल्या खोलीत जाई. त्याचे जेवण झाल्यावर जेवायला बसे. गुलाबने आपल्या परीने काही कमी केले नाही. अभ्यास कर म्हणाला, वेळेवर जेव म्हणाला, नवे दप्तर आणले. दप्तर कोनाड्यात तसेच पडून राहिले. बायको रेहाना इकडचे निरोप तिकडे पोचवून थकून गेली.

शाळेतल्या बाईंनी एक चिठ्ठी दिली होती. दर गुरुवारी दवाखान्यात समुपदेशन करणाऱ्या एक ताई बसतात, आई, वडील आणि मुलगी तिघांनी जाऊन यावे. रेहानाने दोनदा विषय काढला. गुलाब म्हणाला, आपल्याला काय वेड लागले आहे? परक्या बाईपुढे घर उघडे करायचे? त्याच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तरी याहून वेगळे काय म्हटले असते म्हणा. चिठ्ठी त्याने उस्तादांच्या दुकानात आपल्या दोऱ्यांच्या डब्यात तळाशी दडपून टाकली.

गल्लीत कोणी विचारले, घरी कसे काय, की तो म्हणे, मजेत. दिवसभर लोकांच्या तंबोऱ्यांचे आवाज मोकळे करी, आणि संध्याकाळ झाली की त्याला घरी जायची भीती वाटे. ओळखीच्या माणसांनी भरलेल्या त्या गल्लीतून तो अगदी एकटा चालत जाई.

त्याच सुमारास उस्ताद स्वतःसाठी एक तंबोरा घडवत होते. डोळे अधू झाले होते, हा आपला शेवटचा, असे ते म्हणत. तीन आठवडे जवारीवर बसले. गुलाबलाही ती उत्तम वाटली. पण एके सकाळी उस्तादांनी तंबोरा चादरीत गुंडाळून गुलाबच्या खांद्यावर दिला आणि भर गल्लीतून पार दुसऱ्या टोकाच्या कारागिराकडे निघाले. ज्याच्या कामाला हे दोघे इतकी वर्षे नाक मुरडत आले, तोच हा कारागीर! दुकानादुकानांतून माना बाहेर आल्या. गुलाबला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

त्या कारागिराने उस्तादांना वाजवायला सांगितले आणि स्वतः रस्त्यापलीकडे जाऊन पाठमोरा उभा राहिला. थोड्या वेळाने आला, घोडीवर कानसेचे दोन हात फिरवले, दोरा केसभर सरकवला. तार छेडली तर सारे दुकान गुंजले. उस्तादांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले.

परतताना गुलाबला राहवले नाही. "उस्ताद, सगळ्या गल्लीनं बघितलं. काय गरज होती?"

उस्ताद वाटेतल्या एका ओट्यावर टेकले.

"सूर चुकला नव्हता रे, जवारी बंद होती. तीन आठवडे भोपळा माझ्या मांडीवर, कान त्याला लागलेला. रोज तोच आवाज ऐकला, मग तोच बरोबर वाटायला लागला. त्या माणसाचा कान माझ्यापेक्षा चांगला नाही. तो फक्त लांब उभा राहिला." मग म्हणाले, "तुझ्या डब्यात तळाला एक चिठ्ठी आहे. दोरा काढताना रोज माझ्या हाताला लागते."

गुलाबचा चेहरा उतरला. चार महिने कोंडून ठेवलेले सारे त्या ओट्यावर बाहेर आले. उठलेला हात, कोनाड्यातले दप्तर, संध्याकाळची भीती. बोलता बोलता तो रडला, आणि शेवटी म्हणाला की आता तुम्हीच सांगा, मी काय करू.

"मी नाही सांगणार," उस्ताद म्हणाले. "वीस वर्षं तुला जवळ घेऊन बसलोय. मला कसं ऐकू येईल?"

गुरुवारी तिघे दवाखान्यात गेली. यास्मिन आईच्या शब्दाखातर आली होती, बाकावर पार टोकाला बसली. ताईंनी आधी गुलाबचे ऐकून घेतले. त्याने सांगितले की मुलीला काही कमी पडू दिले नाही, तिच्या भल्यासाठीच बोललो. त्यातले काहीच खोटे नव्हते. मग ताई म्हणाल्या, आता तुम्ही फक्त ऐका, आणि यास्मिनकडे वळल्या. ती भिंतीकडे पाहत बोलली.

"अब्बा आले की मी आधी त्यांच्या चपला ऐकते. दाराशी कशा पडतात, त्यावरून कळतं मला, आज त्यांच्याशी बोलावं की नाही. रोज ऐकते."

दुसऱ्याच्या घरातली उतरलेली तार ओळखणाऱ्या गुलाबने स्वतःच्या चपलांचा आवाज कधी ऐकला नव्हता. त्याला वाटत होते, या घरात आपली कोणी वाट पाहत नाही. मुलगी तर चार महिने रोज दाराकडे कान लावून बसली होती, आणि तो कान तिने त्याच्याकडूनच घेतलेला होता. ताईंनी पुढच्या गुरुवारी पुन्हा यायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गुलाब दाराशी थांबला. वाकून दोन्ही चपला हाताने काढल्या आणि भिंतीशी सावकाश ठेवल्या. आत यास्मिन शेंगा सोलत बसली होती. ती काही बोलली नाही, पण उठून आतही गेली नाही. गुलाबने अभ्यासाचे विचारले नाही. तिच्यापासून जरा लांब, उंबऱ्याजवळ बसला, आणि ऐकू लागला.